पदक सुकाणूवरच्या हाताला

२७ ऑक्टोबर १९५९. वेल्सच्या अँगल्सी बेटावर मोएल्व्रे नावाचं कोळ्या-खलाशांचं छोटं गाव आहे. त्या दिवशी तिथे वाऱ्याचा वेग ताशी शंभर मैलांवर गेला होता. उपसागरात आसऱ्याला थांबलेलं 'हिंडली' हे मालवाहू जहाज नांगरासकट फरफटत खडकांकडे सरकत होतं आणि त्यावर आठ माणसं होती. गावची नेहमीची लाइफबोट जागेवर नव्हती. तिच्या जागी आलेली राखीव बोट जुनी होती, कुणाच्या सरावाची नव्हती. वादळात पुरते खलाशीही जमले नाहीत. जे पाच जण निघाले, त्यांतला एक जण आयुष्यात पहिल्यांदाच अशा कामगिरीवर चालला होता. सुकाणूवर होता रिचर्ड इव्हान्स. तरुणपणी समुद्रावर राहिलेला, पुढे गावात घरचं मटणाचं दुकान सांभाळणारा माणूस.

जहाजाचा मागचा भाग लाटेबरोबर वर उचलला जायचा आणि त्याचा फिरता पंखा थेट बोटीवर यायचा. इव्हान्स त्या पंख्याखाली शिरायचा, एखादा खलाशी उडी मारायचा, बोट बाहेर निघायची, वळसा घालून पुन्हा आत. असं दहा वेळा. एका लाटेने तर बोट उचलून चक्क जहाजाच्या डेकवर ठेवली आणि पुढच्या लाटेने परत पाण्यात ओढून नेली. आठही माणसं वाचली. जहाज खडकांवर जाऊन फुटलं.

या कामगिरीसाठी पाच जणांना पदकं मिळाली, पण सारखी नाहीत. इव्हान्सला सुवर्ण, इंजिन सांभाळणाऱ्या मेकॅनिकला रौप्य, उरलेल्या तिघांना कांस्य. लाटा पाचही जणांच्या डोक्यावरून गेल्या होत्या. मरण आलं असतं तर पाचही जणांना आलं असतं. मग हा फरक कशासाठी? धाडस पाचही जणांचं सारखंच धरलं, तर मोजायला उरतं ते कसब. दहा वेळा आत शिरताना कोणत्या लाटेला आत जायचं आणि कोणत्या लाटेला थांबायचं, हे एकाच माणसाने ठरवलं होतं. त्याने हात हलवताक्षणी इंजिनने तेवढंच बळ द्यायला हवं होतं, आणि ते दुसऱ्याच्या हातात होतं.

ही पदकं देणारी संस्था म्हणजे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर तिची २३८ बचाव-स्थानकं आहेत. बोटींवर जाणारी बहुतेक माणसं बिनपगारी. कुणी मच्छीमार, कुणी सुतार, कुणी शिक्षक, कुणी गॅरेजवाला. हाक आली की हातातलं काम टाकून धक्क्याकडे पळायचं, असा त्यांचा शिरस्ता आहे. संस्था सरकारी नाही, देणग्यांवर चालते. साहजिकच पदकही सरकारी नाही. तिथल्या रिवाजानुसार ते छातीच्या डाव्या बाजूला लावत नाहीत. डावी बाजू राजाने दिलेल्या सन्मानांची, हे उजवीकडे लावायचं. असं असूनही दर्यावर्दी लोकांत त्याचा मान केवढा आहे, हे एका आकड्यावरून कळतं. दोनशे वर्षांत सगळी मिळून सुमारे अडीच हजार पदकं दिली गेली आणि त्यांत सोन्याची फक्त दीडशेच्या आसपास.

संस्था निघाली ४ मार्च १८२४ रोजी, लंडनमधल्या एका खाणावळीत भरलेल्या सभेत. कल्पना सर विल्यम हिलरी यांची. हे गृहस्थ आइल ऑफ मॅन बेटावर राहत आणि तिथे डोळ्यांदेखत फुटणारी जहाजं पाहून त्यांनी हा ध्यास घेतला होता. ते नुसते पत्रकं काढणारे नव्हते. १८३० साली 'सेंट जॉर्ज' हे टपालाचं जहाज डग्लसच्या उपसागरात अडकलं, तेव्हा साठीला टेकलेले हिलरी स्वतः बोटीत चढले. लाटेने बाहेर फेकले गेले, बरगड्या मोडल्या. पोहता येत नव्हतं, तरी कसेबसे परत बोटीत आले. जहाजावरची सगळी माणसं वाचली. आपणच काढलेल्या संस्थेचं सुवर्णपदक त्यांच्या नावावर एकूण चार वेळा लागलं. संस्थापकाला आपल्याच संस्थेचं पदक म्हटलं की आपल्या भुवया उंचावतात, आणि ते साहजिक आहे. पण मोडलेल्या बरगड्यांपुढे मला तरी तक्रार करवत नाही.

पहिलं पदक घडवलं विल्यम वायन या टांकसाळीतल्या कारागिराने. एका बाजूला राजा चौथा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला होडीतले तीन खलाशी चौथ्याला पाण्यातून वर ओढताहेत. भोवती बायबलमधल्या एका स्तोत्रातली, खोल पाण्याने मला गिळू नये, अशा अर्थाची विनवणी. वायनचा हात आपल्याकडच्या जुन्या घरांनाही अनोळखी नाही. देवघरातल्या डब्यात किंवा आजीच्या पेटीत १८४० चा कंपनी सरकारचा राणीछाप रुपया असेल, तर भिंगाखाली धरून बघा. व्हिक्टोरियाच्या मानेच्या कडेला याच वायनची आद्याक्षरं सापडतात. पुढे १९३७ च्या सुमारास, खासगी संस्थांच्या पदकांवर राजाचा मुखवटा नको, असं ठरलं, तेव्हापासून पदकावर हिलरींचा चेहरा आला. राजा गेला आणि लाटेतून परत आलेला माणूस त्याच्या जागी बसला, ही अदलाबदल मला मनापासून आवडते.

पहिलं सुवर्णपदक कशासाठी दिलं गेलं, हे पाहण्यासारखं आहे. संस्था स्थापन होऊन आठवडाही झाला नव्हता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर क्राइस्टचर्चजवळ 'कार्ल जाँ' हे स्वीडिश जहाज वाळूत रुतलं. किनारा-रक्षक दलातला कॅप्टन चार्ल्स फ्रीमँटल कमरेला दोर बांधून पोहत जहाजापर्यंत गेला, पण खलाशांना बाहेर काढणं त्याला जमलं नाही. बेशुद्धावस्थेत त्यालाच मागे ओढावं लागलं. खलाशी नंतर पडलेल्या डोलकाठीच्या आधाराने किनाऱ्याला लागले. म्हणजे पहिलं सुवर्ण गेलं ते फसलेल्या प्रयत्नाला. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल बंदर याच माणसाच्या नावाचं.

अर्थात त्या काळात मोजमाप फार शुद्ध नव्हतं. सुरुवातीची पदकं बहुतेक किनारा-रक्षक दलाच्या आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांच्याबरोबर वल्ही मारणाऱ्या कोळ्यांच्या हातात बऱ्याचदा रोख पैसे पडले. गरिबाला पैशाची गरज होती, हे खरंच. पण साहेबाची नोंद मानात आणि कोळ्याची मजुरीत, हा हिशेब आपल्यालाही चांगला ओळखीचा आहे.

या काळातलं सर्वांत गाजलेलं नाव ग्रेस डार्लिंगचं. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे 'फोरफरशायर' ही आगबोट इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या फार्न बेटांवर फुटली. दीपगृहाचा रखवालदार विल्यम डार्लिंग आणि त्याची बावीस वर्षांची मुलगी ग्रेस लहानशी होडी घेऊन निघाले. खडकावर नऊ जण उरले होते, ते दोन खेपांत आणले. बापलेकीला रौप्यपदकं मिळाली आणि ग्रेसवर चित्रांचा, कवितांचा, पत्रांचा पाऊस पडला. चारच वर्षांत ती क्षयाने गेली. त्या चित्रांत तिचे केस वाऱ्यावर उडतात, नजर आकाशाकडे असते. पण त्या सकाळची खरी अवघड गोष्ट चित्रकारांना फारशी दिसली नाही. बाप खडकावर उतरला, तेव्हा होडीत ग्रेस एकटी होती. दोन्ही वल्ही हातात, होडी खडकावर आपटू द्यायची नाही आणि लांबही जाऊ द्यायची नाही. जोराच्या उसळीत खडकाच्या कडेला होडी एका जागी धरून ठेवणं म्हणजे काय, हे मालवण-वेंगुर्ल्याच्या कुठल्याही खलाशाला समजावून सांगावं लागणार नाही.

मोएल्व्रेच्या किनाऱ्यावर 'हिंडली'च्या बरोबर शंभर वर्षं आधी, ऑक्टोबर १८५९ मध्ये, 'रॉयल चार्टर' फुटलं होतं. ऑस्ट्रेलियातून सोनं घेऊन येणारं जहाज, साडेचारशेच्या आसपास मृत्यू. तेव्हा माल्टाचा एक खलाशी जोसेफ रॉजर्स दोर घेऊन पोहत किनाऱ्याला आला आणि त्या दोरावरून काही जण वाचले. त्यालाही संस्थेचं सुवर्ण मिळालं. गाव तेच, महिना तोच. पहिल्या खेपेला एका पोहणाऱ्याची छाती, दुसऱ्या खेपेला एका तांडेलाची नजर.

मधल्या काळात पदकाचं लक्ष हळूहळू शौर्याकडून कसबाकडे वळलं, असं मला वाटतं. त्यात यंत्राचा वाटा मोठा आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये व्हिटबीजवळ 'रोहिला' हे रुग्णजहाज खडकावर चढलं. पानिपत ज्यांना पाठ आहे त्या मराठी वाचकाच्या मनात या नावाने वेगळीच कळ उठेल. जहाजाचं नाव त्या रोहिल्यांवरूनच. मालक ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, युद्धाआधी ते लंडन-कलकत्ता असं धावायचं. जहाजावर २२९ माणसं होती, किनारा हाकेच्या अंतरावर होता, तरी ऐंशीच्या वर माणसं बुडाली. लाइफबोटीचा कॉक्सन, म्हणजे तांडेल, थॉमस लँगलँड्सने वल्ह्याच्या बोटीने दोन खेपांत ३५ जण आणले. बोट फुटली आणि तिसरी खेप झाली नाही. तीन दिवस माणसं मोडक्या सांगाड्यावर बसून राहिली. शेवटी टाइनमथहून इंजिनची लाइफबोट आली. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे विझवलेले, अंधारात पंचेचाळीस मैल. तिने उरलेले पन्नास जण काढले. लँगलँड्सला सुवर्ण आणि त्या इंजिन बोटीच्या कॉक्सनलाही. वाचलेल्यांत एक परिचारिका होती, जी दोनच वर्षांपूर्वी 'टायटॅनिक'मधूनही वाचली होती!

इंजिन आलं आणि काही लोकांना वाटलं, आता काय, यंत्रच सगळं करणार. उलट झालं. वल्ह्यांच्या बोटीला जिथे जाताच येत नव्हतं तिथे आता जाता येऊ लागलं, त्यामुळे जावं की नाही, किती आत जावं आणि कुठल्या बाजूने, हे प्रश्न नव्याने उभे राहिले. त्यांची उत्तरं कशी द्यायची, हे क्रोमरच्या हेन्री ब्लॉगकडून शिकावं.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं क्रोमर खेकड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ब्लॉग खेकडे धरायचा आणि उन्हाळ्यात पर्यटकांना किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने द्यायचा. दारू नाही, तंबाखू नाही, बोलणं कमीच, आणि सगळे सांगतात की त्याला पोहता येत नव्हतं. अठराव्या वर्षी तो लाइफबोटीवर गेला, १९०९ मध्ये कॉक्सन झाला, १९४७ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी निवृत्त झाला. त्रेपन्न वर्षांत ३८७ फेऱ्या, ८७३ जीव. तीन सुवर्णं आणि चार रौप्यपदकं. संस्थेच्या इतिहासात इतकी पदकं आणखी कुणाला नाहीत.

त्याचं पहिलं सुवर्ण ९ जानेवारी १९१७ चं. गावातले तरुण युद्धावर, वल्ह्यांवर पन्नाशी-साठीची माणसं. सकाळी एका ग्रीक जहाजावरून त्यांनी सोळा जणांना आणलं. श्वास बसतो न बसतो तोच 'फर्नेबो' या स्वीडिश जहाजाचे स्फोटाने दोन तुकडे झाले. एकदा निघाले, लाटांनी वल्ही मोडली, बोट किनाऱ्यावर परत फेकली गेली. पुन्हा निघाले आणि अकरा जण आणले. याच वर्षी संस्थेने कांस्यपदक सुरू केलं आणि ब्लॉगच्या वल्हेकऱ्यांना ते मिळालं. सोनं-चांदीची वाटणी फक्त पुढाऱ्यांत न करता वल्हेकऱ्यापर्यंत पोचायला ९३ वर्षं लागली.

पण ब्लॉगचं कसब मला सगळ्यांत जास्त कुठे दिसत असेल, तर १९३३ च्या डिसेंबरात. एक शिडाचं बार्ज क्रोमरच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्याचं नाव होतं 'सिपॉय', म्हणजे शिपाई! दोन माणसं डोलकाठीच्या दोरांना चिकटून राहिली होती. नेहमीची रीत अशी की, वाऱ्याच्या वरच्या अंगाला नांगर टाकायचा, दोर सोडत सोडत बोट मागे सरकवत जहाजापर्यंत न्यायची, म्हणजे काम झालं की त्याच दोराने बाहेर ओढून घेता येतं. ब्लॉगने आधी रीतीने प्रयत्न केले. जमेना. मग त्याने लाट पाहिली आणि बोट थेट बुडालेल्या बार्जच्या डेकवर चढवली, एकाला उचललं, लाटेबरोबर बाहेर आला. पुन्हा चढवली, दुसऱ्याला उचललं. लाट अर्ध्यावर फसली असती तर बोटीचा तळ तिथेच फुटला असता. याला रौप्य मिळालं, सुवर्ण नाही. का, याचं उत्तर तेव्हाच्या समितीकडे. १९४१ च्या ऑगस्टमध्ये एका ताफ्यातली अनेक जहाजं हेझबरोच्या वाळूवर चढली, तेव्हा पासष्ट वर्षांच्या ब्लॉगने हीच चाल पाण्याखाली गेलेल्या पोलादी जहाजांवर खेळली आणि त्याच्या बोटीने ८८ माणसं काढली. त्या वेळी तिसरं सुवर्ण. ती बोट, 'एच. एफ. बेली', क्रोमरच्या संग्रहालयात उभी आहे.

अशा प्रत्येक मोठ्या फेरीनंतर अहवाल होतो. निरीक्षक येतो, बोटीवरच्या प्रत्येकाशी बोलतो, जहाजावरून वाचलेल्यांचं ऐकतो, वारा कुठून, भरती किती चढलेली, तळ कसा, बोट कुठल्या बाजूने गेली, कोण कुठे उभा होता, हे कागदावर येतं. मग समिती बसते. सुवर्णासाठी धैर्य, कसब आणि स्वतःहून घेतलेला निर्णय, हे तिन्ही असाधारण हवेत. बहुतेक फेऱ्यांना पदक मिळत नाही. चामड्यावर लिहिलेलं आभारपत्र मिळणंही मोठी गोष्ट मानतात. या चिकटपणामुळेच पदकाला वजन आहे.

आणि हा अहवाल निकालाकडे पाहून लिहिला जात नाही. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलमधल्या माउझल गावातून पेनलीची 'सॉलोमन ब्राउन' ही लाकडी लाइफबोट 'युनियन स्टार' या संकटातल्या जहाजाकडे निघाली. कॉक्सन ट्रेव्हेलियन रिचर्ड्स. एका घरातला एकच माणूस घ्यायचा, हा त्याचा नियम होता. म्हणून बापलेक दोघे आले तेव्हा त्याने पोराला परत पाठवलं. बोटीने चार जणांना काढल्याचा निरोप दिला, उरलेल्यांसाठी पुन्हा आत वळली आणि मग आवाज थांबला. बोटीवरचे आठ, जहाजावरचे आठ, कुणीच परत आलं नाही. संस्थेने रिचर्ड्सला सुवर्ण दिलं आणि उरलेल्या सात जणांना कांस्य. वाचलेल्यांचा आकडा शून्य असताना पदक देता येतं, याचं कारण समुद्रावरून पाहणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने बोट कशी हाकली गेली हे नेमकं सांगितलं होतं. पदक हा ताईत नव्हे, हेही वेल्समधल्या मंबल्स गावाने दाखवलंय. १९४४ मध्ये सुवर्ण मिळवणारा तिथला कॉक्सन विल्यम गॅमन १९४७ मध्ये 'सॅमटँपा' जहाजाच्या मदतीला जाताना आपल्या सात सोबत्यांसह बुडाला.

लाइफबोटीवरच्या स्त्रीला पदक मिळायला मात्र २००५ उजाडलं. पोर्थकॉलच्या आयलीन जोन्सने आदल्या ऑगस्टमध्ये रबरी लाइफबोट हाकत एका मासेमारी नौकेवरच्या दोघांना वाचवलं, त्याचं कांस्य. ग्रेस डार्लिंगची एवढी पूजा झालेल्या देशात इतका उशीर झाला, यावर टिप्पणी नको.

आता आपल्याकडे. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. तेव्हा मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसकडच्या कोळ्यांनी मासळी पाण्यात टाकून पाऊणशे माणसांना होड्यांत घेतल्याचं सांगतात. पावसाळ्यातला तो दर्या, त्यात भेदरलेली माणसं एका बाजूला लटकली की होडी उलटणार, आणि तरीही पाऊणशे! हे केवळ दयाळूपणाने होत नाही. कुठल्या तांडेलाने होडी कशी धरली, कुणी माणसांना कुठल्या बाजूने वर घेतलं, हे कुणी विचारून लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही. 'रामदास' म्हटलं की आपल्याला मेलेल्यांचा आकडा आठवतो.

आपल्याकडे पदकं नाहीत, असं नाही. केंद्र सरकारची जीवन रक्षा पदक मालिका १९६१ पासून आहे. सर्वोत्तम, उत्तम आणि साधं अशी तीन पदकं आहेत, आणि बुडणाऱ्याला वाचवणाऱ्या सामान्य नागरिकालाही ती मिळतात. तटरक्षक दलाच्या पुढाकाराने चालणारं राष्ट्रीय सागरी शोध व बचाव मंडळ मच्छीमारांनाही पुरस्कार देतं. पण जीवन रक्षा पदकांचे निकष वाचा. धैर्य, तत्परता, आणि वाचवणाऱ्याच्या जिवाला धोका किती, हे तिथे मोजलं जातं. कसबाचा तिथे उल्लेख नाही. म्हणजे ज्याने जीव धोक्यात घातला तो वर आणि ज्याने आपल्या शहाणपणाने सगळ्यांचाच धोका कमी केला तो खाली. ब्लॉगसारख्या माणसाला असा निकष कितपत न्याय देईल? विहिरीत उडी टाकणाऱ्या पोराचं कौतुक व्हायलाच हवं. पण समुद्रावर उडी टाकणाऱ्यापेक्षा बोट जागेवर धरून ठेवणारा जास्त माणसं वाचवतो, आणि त्याला आपल्या कागदांत रकाना नाही.

हा रकाना दिल्लीत आखला जाईल तेव्हा जाईल. तोवर एक काम किनाऱ्यावरच करता येण्यासारखं आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत गावोगाव मच्छीमार सहकारी संस्था आहेत, त्यांच्याकडे दप्तर आहे, सचिव आहे. कुणाच्या बोटीने कुणाला वाचवलं की आठवड्याच्या आत त्या तांडेलाला आणि खलाशांना बसवून घ्या. वारा कुठला, भरती की ओहोटी, नांगर कुठे टाकला, दोर किती सोडला, सुकाणूवर कोण, इंजिनवर कोण, पाण्यातल्याला हात कुणी दिला, हे विचारा. लिहा, सह्या घ्या, वाचलेल्याचा जबाब जोडा आणि त्याची एक प्रत पदकाच्या शिफारशीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. शिफारशीला मुदत असते, तेव्हा पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत थांबू नका.